इलेक्ट्रॉन दिसतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ॲटोसेकंद स्पंदांवर, म्हणजे प्रकाशाच्या अतिशय आखूड झोतांवर, काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे तुम्हाला अणूतला इलेक्ट्रॉन फिरताना दिसतो?" २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच स्पंदांना मिळाल्यापासून तर फारच.

नाही दिसत. मुळात स्वस्थ अणूत फिरणं असं काही नसतंच. ठरावीक ऊर्जेच्या अवस्थेतला इलेक्ट्रॉनचा ढग काळाबरोबर बदलत नाही. त्याला दोन ऊर्जापातळ्यांच्या मिश्रणात ढकललं तरच तो हेलकावतो. पातळ्यांत १० इलेक्ट्रॉनव्होल्टचं (हे ऊर्जेचं एकक) अंतर असेल, तर एक हेलकावा सुमारे ४०० ॲटोसेकंदांचा. ॲटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा पुन्हा अब्जावा भाग. स्पंद प्रकाशाच्या एका आवर्तनाहून फारसा आखूड करता येत नाही, आणि तांबड्या प्रकाशाच्या एका आवर्तनालाच दोन हजारांहून जास्त ॲटोसेकंद लागतात, म्हणून आमचे स्पंद टोकाच्या अतिनील पट्ट्यातले. त्या नोबेलच्या एक मानकरी आन लुइलिये यांनी १९८७ मध्ये अवरक्त लेसर वायूवर सोडून ज्या मूळ कंप्रतेच्या वरच्या पटीतल्या लहरी मिळवल्या, त्यांतूनच ते घडतात.

मग मोजतो काय? स्पंद अणूतून इलेक्ट्रॉन उडवतो. त्याच वेळी तिथे अवरक्त लेसरचं विद्युतक्षेत्र वरखाली होत असतं. हलत्या झोपाळ्यावरून कुठल्या क्षणी उडी मारली यावर जसा वेग ठरतो, तसा या इलेक्ट्रॉनचा शेवटचा वेग त्याच्या सुटण्याच्या क्षणावर ठरतो. आमच्या हाती येतो तो वेगांचा आलेख. फोटो म्हणायचं तर म्हणा, मला तो शब्द पटत नाही.

या आलेखांतून निघालेली माझी आवडती गोष्ट निऑनची. २०१० मध्ये त्याच नोबेलचे दुसरे मानकरी फेरेंक क्राउझ यांच्या गटाला आढळलं, की निऑनच्या २पी कक्षेतला इलेक्ट्रॉन २एस या जास्त घट्ट बांधलेल्या कक्षेतल्यापेक्षा २१ ॲटोसेकंद उशिरा सुटतो. सिद्धांताला मात्र त्याच्या निम्माही उशीर मिळेना. गणितं पुन्हापुन्हा झाली, फरक हटेना. २०१७ मध्ये स्वीडनच्या लुंडमधल्या गटाने तो सोडवला. स्पंद जितका आखूड, तितकी त्यातली ऊर्जा पसरट. त्यामुळे जवळजवळच्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन एकमेकांत मिसळतात. लुंडकरांनी एकट्या स्पंदाऐवजी स्पंदांची माळ वापरली, तेव्हा ऊर्जा वेगळ्या करता आल्या. २एस च्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेशेजारी दुसरेच इलेक्ट्रॉन निघाले: सुटताना मागे राहिलेल्या एका सोबत्याला वरच्या पातळीवर ढकलून आलेले. ते वगळल्यावर मोजमाप आणि सिद्धांत जुळले.