तुम्ही विचारलंत म्हणून: परीक्षकांना पेन्सिल का नाही?

आमच्या घुमट आरती स्पर्धेत (घुमट म्हणजे गोव्यातलं चामडं ताणलेलं मातीचं वाद्य, त्याच्या साथीनं पथकं आरत्या म्हणतात) परीक्षकांच्या हाती पेनच का, आणि प्रत्येक पथकानंतर लगेच गुणांची चिठ्ठी का काढून घेता, हे दर गणेशचवथीला कोणी ना कोणी विचारतंच. उत्तर द्यायचं तर स्वतःची फजिती सांगावी लागते.

फोंडा तालुक्यातल्या एका देवळात मी परीक्षक होतो. आम्ही तिघे. तिसरं पथक उभं राहिलं. दमट हवेनं घुमटाचं चामडं उतरलेलं, शामेळवाला (साथीचा ढोल वाजवणारा) मागे पडत होता, आरतीचे शब्द तर अर्धे गिळलेलेच. मी पेन्सिलीनं 10 पैकी 6 लिहिले. तेवढ्यात शेजारचे बुजुर्ग बुवा पुटपुटले, "व्वा! हात बघा हात!" दोन मिनिटांनी मी खोडरबर शोधत होतो. 6 चे 8 झाले. गंमत म्हणजे मला कुणाची भीड पडली नव्हती. वादन खरंच 8 च्या लायकीचं वाटू लागलं होतं. पहिला नंबर त्यांचाच आला.

पुढे संगणकात काम करणाऱ्या भाचीनं एक प्रयोग सांगितला. लेव्ह मुच्निक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी तो 2013 साली 'सायन्स'मध्ये छापला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावरच्या लाखभर प्रतिक्रिया त्यांनी घेतल्या. काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, मजकूर न बघता, पहिलं मत 'आवडलं' असं दिलं, काहींना 'नावडलं'. फुकटचं 'आवडलं' मिळालेल्यांना पुढच्या वाचकाकडूनही तेच मिळण्याची शक्यता 32 टक्क्यांनी वाढली आणि शेवटचे गुण सरासरी 25 टक्के फुगले. 'नावडलं'चं मात्र उलट झालं: लोकांनी येऊन चांगली मतं टाकली आणि ते भरून काढलं.

मला हे लगेच पटलं. बुवा "बेताल आहे" म्हणाले असते, तर मी कान टवकारून ऐकलं असतं, वादही घातला असता. "व्वा"शी कोण भांडणार?

म्हणून पेन आणि चिठ्ठी. खाडाखोड करू नका असं मी सांगत नाही, फक्त केलेली दिसायला हवी. बोलायचं ते निकालानंतर, चहाबरोबर. बुवांना हा नियम आवडला नाही. मी कसाबसा रेटला.

गेल्या चवथीला एका चिठ्ठीवर 7 वर काट मारून 9 केलेले होते. परीक्षक तर एकमेकांपासून चांगले दहा हात लांब बसवले होते. मग आठवलं, त्या पथकाला सभामंडपात टाळ्या थांबत नव्हत्या.