तुम्ही विचारलंत म्हणून: मशीनवर शिवता ना, मग एवढे दिवस कशाला?

ऑर्डर देताना विचारतात, पैसे देताना विचारतात आणि थोडा उशीर झाला की तर हमखास विचारतात. "काकू, तुम्ही तर मशीनवर शिवता ना, मग एका दुपट्याला एवढे दिवस कशाला?" ऐरोलीतल्या बायका विचारतात, घोडबंदरवरून फोन करणारे विचारतात, माझी सख्खी जाऊसुद्धा विचारते. इतकी वर्षं मी "होतंय हो, होतंय" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

टीप मारायला वेळ लागतच नाही. वरचं कापड, मधलं भरण आणि खालचं अस्तर असे तिन्ही थर पिना लावून तयार असले की बाळाचं दुपटं एका दुपारीत शिवून होतं. वेळ जातो तो दोऱ्यांच्या टोकांत. तुम्हाला दुपट्यावर छोटे छोटे हत्ती हवे असतात, चांदण्या हव्या असतात, होड्या हव्या असतात. छान दिसतात, मान्य. पण प्रत्येक हत्तीची टीप वेगळी सुरू होते आणि वेगळी संपते. सुरू झाली की दोन टोकं, एक वरच्या रिळाचं, एक खालच्या बॉबिनचं. संपली की परत दोन. म्हणजे एका हत्तीमागे ४, आणि १२ हत्ती म्हटले की ४८ सुटी टोकं. ती सगळी कुठे जातात असं तुम्हाला वाटतं?

सुरुवातीलाच काळजी घ्यावी लागते. एक टाका घेऊन बॉबिनचा दोरा वर ओढून घ्यायचा, दोन्ही टोकं डाव्या हाताने धरून ठेवायची आणि मग पहिले चार-पाच टाके घालायचे. नाही धरली तर अस्तराच्या बाजूला दोऱ्याचा झुपका होतो, वरून काही म्हणजे काही दिसत नाही, दुपटं उलटं केल्यावर कळतं आणि तोपर्यंत त्याच्यावरून आणखी टिपा गेलेल्या असतात, मग बसा उसवत. शेवटाला तर आणखी काम. वरचं टोक मागे ओढायचं, दोन्ही टोकांची कापडाला अगदी लागून गाठ मारायची, दोन्ही मिळून एका सुईत ओवायची, टीप जिथे संपली त्याच भोकातून सुई आत घालून भरणातून इंच-दीड इंच पुढे न्यायची, बाहेर काढायची, हलका झटका द्यायचा, गाठ पटकन आत जाते, मग दोरा जरा ताणून धरून कापडाजवळ कापायचा म्हणजे कापलेलं टोक आपोआप आत सरकतं. सुरुवातीच्या टोकांनाही हेच, म्हणजे १२ हत्तींना हे २४ वेळा. वरच्या फटीतून दोरा नुसता दाबून आत जातो अशी सुई मिळते, नेढ्यात ओवायची कटकट नाही, तरीसुद्धा वेळ लागतोच. आणि कापड पांढरं असलं तर आत घातलेला गडद दोरा वरून सावलीसारखा दिसतो, म्हणून तो टिपेच्या खालून न्यावा लागतो.

दुसरं, माझ्या गळ्यात कात्री का असते, तेही विचारता, त्याचं उत्तर याच्यातच आहे. मशीनवर गोधडी शिवताना टेबलावर काही ठेवून बघा. गोधडी जड असते, ती फिरवली की टेबलावरचं सगळं सोबत ओढून नेते, कात्री जमिनीवर, सुई कुठे गेली पत्ता नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गुंडाळलेल्या भागात उघडी कात्री अडकली आणि तशीच गुंडाळी ओढली तर कापडच कापलं जातं. म्हणून छोटी दोरा-कात्री नाडीला, टोपण लावून, गळ्यात. सुया मशीनच्या मानेवर चिकटवलेल्या छोट्या उशीत. पिना लोहचुंबकावर, मोजून. मोजून म्हणजे खरंच मोजून, दुपट्याला जेवढ्या लावल्या तेवढ्या परत चुंबकावर आल्याशिवाय मी गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायला घेत नाही. पावसाळ्यात इथे हवा इतकी दमट की साध्या पिना रात्रभर कापडात राहिल्या की गंजाचा ठिपका पडू शकतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी रात्री सगळ्या काढते आणि सकाळी परत लावते. झाला की नाही त्यातही वेळ? कापलेल्या दोऱ्यांसाठी टेबलाच्या कडेला कागदी पिशवी चिकटवलेली असते, कारण कापलेला दोरा जमिनीवर पडला की तो पायाला, पायावरून चादरीला, चादरीवरून कुठेही जातो.

हे सगळं मी पहिल्यापासून करत नव्हते. सुरुवातीला रिव्हर्स मारायचे, म्हणजे टीप थोडी उलटी मागे न्यायचे, कापडाला लागून दोरे कापायचे, झालं. तेव्हाच्या मला तुम्ही हा प्रश्न विचारला असतात तर ती म्हणाली असती, "मशीनवर आहे, दोन दिवसात घेऊन जा." आणि तिचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. रिव्हर्स मारलेली टीप घट्ट असते, बाजारातल्या बऱ्याचशा रजया तशाच असतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. माझी आजी हातानं गोधडी शिवायची, जुन्या लुगड्यांचे थर, धावदोरा, गाठ मात्र नेहमी थरांच्या आत ओढून घ्यायची. मी म्हणायचे, आजीकडे मशीन नव्हती म्हणून. मशीनला गाठ कशाला?

मग ते झालं. मी हे आतापर्यंत कोणाला सांगितलेलं नाही, ज्यांच्या घरी झालं त्यांनाच माहीत आहे.

आमच्याच बिल्डिंगमध्ये एका मुलीला बाळ झालं होतं, तीनेक महिन्यांचं. दुपटं माझं, पांढऱ्या कापडावर पांढरी टीप, तिनेच तसं मागितलं होतं. पावसाळ्याचे दिवस, बाळाच्या पायात मोजे. संध्याकाळपासून बाळ रडत होतं. पोटात वात धरला असेल म्हणून हिंग लावलं, ओव्याचा शेक दिला, खांद्यावर घेऊन फिरवलं, दूध घेईना. रात्री कपडे बदलायला म्हणून मोजे काढले तर उजव्या पायाचं मधलं बोट सुजून लालजांभळं झालेलं. आणि बोटाच्या मुळाशी एक बारीक खोल रेघ. बाळाच्या आजी मला हाक मारायला आल्या कारण माझ्याकडे बारीक कात्री असते आणि भिंगाचा दिवाही असतो, हे सगळ्यांना माहीत. "ताई, पटकन या, दोरा अडकलाय."

मी भिंगाखाली बोट धरलं. दोरा दिसतच नव्हता. कातडी त्याच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आली होती आणि दोरा त्या खाचेत गेला होता. एवढंसं बोट, भुईमुगाच्या दाण्यापेक्षा लहान. कात्रीचं टोक माझं कितीही बारीक असलं तरी त्या खाचेत ते घालायचं म्हणजे बाळाच्या कातडीत घालायचं, आणि बाळ पाय झटकत होतं. मी म्हटलं मी नाही कापणार, डॉक्टरकडे चला. बाळाचे बाबा चिडले, "काकू, दिवसभर दोरेच कापता ना तुम्ही, एक कापायला काय होतंय?" हे वाक्य मला अजून ऐकू येतं. मी कात्री गळ्यातून काढून खिशात टाकली, हात थरथरत होते, आणि त्यांच्यासोबत रिक्षात बसले.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी चष्म्यावर भिंग लावून, बारीक हत्याराने, खूप हळू दोरा सोडवला. कापल्यानंतर बोटाचा रंग बदलताना मी पाहिलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. आत येणारं रक्त दाबाने येत राहतं पण परत जाणारं अडकतं, म्हणून बोट सुजतं, सुजलं की दोरा आणखी आवळतो, आवळला की आणखी सूज, आणि वेळेत सुटला नाही तर पुढचा भाग मरूही शकतो. बऱ्याचदा तर दोरा नसतोच, आईचा केस असतो, बाळंतपणानंतर केस गळतात त्यातलाच एखादा. केस असेल तर काही वेळा केस काढायचं क्रीम लावून तो विरघळवतात, दोऱ्यावर ते चालत नाही. न थांबणारं रडणं असलं की मोजे काढून सगळी बोटं बघायची, असं त्यांनी त्या मुलीला दोनदा सांगितलं. बोट वाचलं. काही आठवडे त्यावर अंगठीसारखी खूण होती, नंतर गेली.

रिक्षात परत येताना आजी हळूच म्हणाल्या, "दुपटं तुमचंच होतं ना, ताई?"

त्या रागाने बोलल्या नाहीत. मी ते दुपटं घरी मागून आणलं आणि रात्रभर भिंगाखाली इंच इंच तपासलं. गोटाजवळ एका ठिकाणी टाके सैल होऊन पांढऱ्या दोऱ्याचा बोटभर फास वर आलेला होता, एक टोक तुटलेलं. मग मी त्या मुलीकडून मोजेही मागितले आणि उलटे केले. आतून नुसती सुट्या दोऱ्यांची जाळी, नक्षीचा रंग बदलतो तिथे प्रत्येक ठिकाणी दोरा सोडलेला, आणि तोही पांढरा. डॉक्टरांनी काढलेला दोरा केव्हाच कचऱ्यात गेला होता.

तो दोरा माझा होता असं मी म्हणणार नाही. माझा नव्हता असंही नाही म्हणणार. मोजा पायात होता, दुपटं तर मोज्याच्या बाहेर, मग माझा दोरा आत कसा जाईल, असं मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलंय, आणि दर वेळी आठवतं की दुपारी बाळ दुपट्यावर उघड्या पायाने खेळत होतं, मोजे तर संध्याकाळी चढवले. एखादा तुटका दोरा बोटाला आधीच लागलेला असेल आणि वरून मोजा घातला असेल. असेल. नसेलही.

तेव्हापासून बाळाच्या वस्तूतलं एकही टोक मी बाहेर ठेवत नाही. आणि "नंतर सगळी एकदम घालीन" असं तर कधीच नाही. नंतर म्हटलं की एखादं सुटतंच, पुढची टीप त्याच्यावरून जाते आणि ते कायमचं अडकून बसतं. एक हत्ती झाला की लगेच त्याची चारही टोकं आत, मग दुसरा हत्ती. म्हणूनच सगळं हाताशी लागतं, म्हणूनच कात्री गळ्यात. सुई शोधायला उठावं लागलं की माणूस म्हणतोच, जाऊ दे, नंतर.

पण यावरही माझ्याशीच माझं भांडण चालू आहे. आत घातलेलं टोक कायम आतच राहतं का? गाठ बारीक बसली असेल तर धुता धुता ती कापडातून परत वर येऊ शकते, वॉशिंग मशीनमध्ये तर नक्कीच. मग गाठीऐवजी अगदी बारीक बारीक टाके घालून टीप बंद करायची का? ती पक्की बसते, पण तिचंही टोक कापावंच लागतं, म्हणजे परत पहिलीच मी, रिव्हर्स मारून कापणारी. आता मी दोन्ही करते, बारीक टाके आणि गाठ, आणि आणखी वेळ घालवते. माझी जाऊ म्हणते हे वेडेपण आहे, एका घरात एकदा झालं म्हणून. असेल. ती त्या रात्री रिक्षात नव्हती.

एक उपाय खरा आहे, तो तुम्हाला आवडत नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग टीप. लाटा घ्या, वेली घ्या, तिरक्या चौकड्या घ्या. टीप कडेला सुरू होते, कडेला संपते, सगळी टोकं गोटाखाली बंद, मध्ये एकही नाही. असं दुपटं खरंच लवकर होतं आणि त्याचे मी पैसेही कमी घेते. मी दर वेळी सुचवते, तुम्ही फोटो बघता आणि म्हणता, "छान आहे, पण ते हत्तीवालंच द्या ना."

तर हत्तीवालं देईन, पण वेळ लागेल तेवढा लागेल आणि गणपतीच्या आधी हवं म्हणून तो कमी होणार नाही. गेल्या आठवड्यात एका मुलीने पांढऱ्यावर पांढरं मागितलंय, बारशाला, खूप सुंदर दिसतं म्हणाली, आणि दिसतंच. पण बाळाच्या दुपट्याला मी आता गडद दोरा घालते, निळा नाहीतर मरून, म्हणजे उद्या एखादं टोक बाहेर आलंच तर आईला ते लांबून दिसेल. तिला तसं कळवलंय. ती म्हणाली विचार करून सांगते. तिला पांढरंच हवं असेल तर ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात तयार मिळतात, तिने तिकडून घ्यावं, फक्त घरी नेल्यावर उलटं करून एकदा उजेडात बघावं.