टाकीचा बॉलकॉक आणि चारची मॅच

कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन चालू असला की रविवारची घरातली कामं दुपारच्या आत उरकायची असतात, हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही. त्यात आमच्या अंगणातल्या जमिनीतल्या टाकीचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की तरंगणाऱ्या बॉलच्या दांडीनं आपोआप बंद होणारा नळ, बंदच होईना झालता, पहाटे नळाला पाणी आलं की टाकी भरून वरनं सरळ गटारीत, आणि शेजारच्या काकू गॅलरीतनं "पाणी चाललंय ओ" म्हणून हाक मारणार. प्लंबरला फोन केला तर म्हणाला येतो की दुपारी. त्याची दुपार म्हणजे संध्याकाळ, आणि दुपारी मी शाहू स्टेडियमवर असणार, मग म्हटलं आपणच बघू.

नळाचं पाणी जाऊ दिलं आणि मग हात घातला. टाकी रिकामी करायची काही गरज नसते, बॉलकॉक वरच्या अंगाला असतो, थोडं पाणी उपसून पातळी त्याच्या खाली आणली की झालं. मीटरजवळचा कॉक मात्र बंद करून ठेवायचा.

खरी मारामारी जुना काढताना. आमची लाईन जुनी, लोखंडी पाईपची, आट्यांत क्षार बसून सगळं एकजीव झालेलं. इथं दोन पान्हे लागतात, एकानं पाईपचा एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, गच्च धरायचा आणि दुसऱ्यानं बॉलकॉक फिरवायचा, एकाच पान्ह्यानं जोर लावला तर बॉलकॉक राहतो तिथंच आणि पाईप भिंतीत पिळतो, मग भिंत फोडा. मी आदल्या रात्रीच आट्यांवर रॉकेल सोडून ठेवलं होतं, तरी घाम निघाला. एल्बो धरायला वडिलांना बसवलं होतं, ते पान्हा धरून आजच्या टीमबद्दलच बोलत होते.

बाहेर काढल्यावर बघितलं तर आतला रबरी वायसर कडक होऊन मधोमध चिरलेला. नुसता वायसर दहा-वीस रुपयात मिळतो आणि बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं, पण आमच्यात वायसर जिथं बसतो ती पितळेची कडाच खाल्लेली, तिथं नवीन वायसर किती टिकणार. जुना पीस खिशात घालून दुकानात गेलो. हे करावंच, कारण अर्धा इंची का पाऊण इंची हे घरातनं सांगायला गेलं की घोळ होतो. दुकानदार विचारतो हाय प्रेशर का लो प्रेशर, हाय प्रेशरवाल्याचं भोक बारीक असतं, आमच्याकडं पाणी जोरात येतं म्हणून तोच घेतला. नवीन बॉल कानाजवळ हलवून बघितला, आत पाणी गेलेला बॉल तरंगत नाही, दुकानातल्या नवीन मालातही असा निघतो कधी कधी.

बसवायला टेफ्लॉन टेप. आट्याचं तोंड आपल्याकडं धरून घड्याळाच्या काट्यासारखी गुंडाळायची, उलटी गुंडाळली की पिळताना सुटून गोळा होते. वडिलांचं म्हणणं सुतळी आणि सफेदाच (आट्यांना लावायचा पांढरा लेप) पाहिजे, लोखंडी पाईपला तेच धरतं. मी टेपवर थोडा सफेदा लावून दोघांचंही राखलं. बसवायच्या आधी दांडी वर उचलून तोंडानं फुंकर मारली, हवा जाईना, म्हणजे वायसर बसतोय.

मग अंघोळ, जेवण आणि स्टेडियम. बाहेरच्या लोकांना सांगून पटत नाही, पण इथं टीमची नावं बघा, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, म्हणजे कुस्तीच्या तालमींचीच पोरं फुटबॉलला उतरलेली. अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला तोही कोल्हापूरचाच, त्यामुळं शेंबडं पोरगंसुद्धा गल्लीत बूट घालून फिरतंय. कालची मॅच कुठल्या दोन टीमची ते लिहीत नाही, मला पेठेत राहायचंय. एवढंच सांगतो की पहिला हाफ नुसता धक्काबुक्कीत गेला, आणि दुसऱ्यात कॉर्नरवरनं आलेला बॉल एका बारक्या पोरानं उंच डिफेंडरच्या पुढं घुसून डोक्यानं आत घातला, पलीकडची गॅलरी एकदम गप्प. रेफरीला मात्र दोन्हीकडनं शिव्या, तेवढं एक समान.

हाफटाईमला शेजारच्यानं विचारलं हाताला पांढरं काय लागलंय, बॉलकॉक म्हटल्यावर मागच्या तीन रांगा मॅच सोडून प्लंबिंगवर सुरू. एक म्हातारे म्हणाले, "दांडी थोडी खाली वाकीव, ओव्हरफ्लोच्या पाईपखाली चार बोटं पाणी थांबलं पाहिजे, काठोकाठ भरायची हाव करू नको."

आज पहाटे पाणी आल्यावर बॅटरी घेऊन झाकण उघडून बसलो. पाणी चढत आलं, सूं करत बारीक झालं आणि थांबलं, पण ओव्हरफ्लोच्या अगदी तोंडाशी. दांडी वाकवली, दोन बादल्या उपसून परत बघितलं, आता चार बोटं बरोबर. जुना बॉलकॉक टाकलेला नाही, पितळेला भंगारात चांगला भाव मिळतो.