मार्गशीर्षातलं लग्न, सोलापुरातलं

मे महिन्यात सोलापुरात लग्न काढायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर आमच्या घरात एकमत होतं. माझ्या लग्नात पारा ४३ वर होता आणि होमापाशी बसलेल्या नवरदेवाला घेरी आली होती, ते अजून कुणी विसरलेलं नाही. धाकटीचं जमलं तेव्हा अप्पा म्हणाले, "तुळशीचं लग्न लागू दे, मग आपलं." आणि पुढची सगळी धावपळ थोरली म्हणून माझ्या गळ्यात पडली.

थंडीचे चार महिने हाताशी आहेत असं वाटत होतं. दाते पंचांग सोलापुरातच निघतं आणि आमच्या गुरुजींचा त्याच्याबाहेर एक शब्द नसतो. त्यांनी पानं उलटली तसे ते चार महिने आटत गेले. पौषात आमच्याकडे कार्य करत नाहीत. जानेवारीत तर माणसांची लग्नं थांबतात आणि अख्खं शहर ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या लग्नाला जातं. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता, सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. त्या गर्दीत दुसरी वरात काढायची कुणाची छाती आहे? माघापर्यंत थांबायला मुलाकडचे तयार नव्हते. उरला मार्गशीर्ष. त्यातला गुरुवार आईने बाद केला. निम्म्या बायकांना महालक्ष्मीचा उपवास, मग पंगतीला बसणार कोण? रविवारी होटगी रोडपासून विजापूर रोडपर्यंत एक कार्यालय मोकळं मिळेना. शेवटी बुधवार धरला.

खरी ओढाताण झाली ती वेळेवरून. मुलाकडचे अकलूजचे, त्यांना गोरज मुहूर्त हवा होता. फोटो छान येतात म्हणे. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, मार्गशीर्षात सहाच्या आतच. म्हणजे सहाला अक्षता, आठला जेवणं, दहाला लाउडस्पीकर बंद, आणि मग वऱ्हाडाने रात्री अकलूज गाठायचं. हा उसाचा हंगाम. साखर कारखाने चालू झाले की आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने लादून चाललेल्या असतात. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. मी व्याह्यांना फोनवर एवढंच म्हटलं, "मामा, परतताना लेकरं झोपलेली असणार गाडीत." ते स्वतः ऊस लावणारे. दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "साडेबाराचा घ्या." फोटोंचं पुढे कुणी नाव काढलं नाही.

लॉन की हॉल, हा वाद मात्र आमच्याच घरात. लॉनवर पहाटे दव पडतं, गाद्या आणि खुर्च्यांची कव्हरं ओली होतात, हे मंडपवाल्यानेच सांगितलं. त्याला लॉनचं जास्त भाडं मिळालं असतं, तरी सांगितलं. त्या माणसाला मी चहा पाजला. आम्ही हॉल घेतला. मुंबईच्या मामांना तारीख लगोलग कळवली, कारण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जागा पटकन जातात.

जेवणात आचाऱ्याने मठ्ठा काढून टोमॅटोचं सार घातलं. मटार स्वस्त म्हणून मसालेभातात हात सैल सोडला. शेंगाचटणी पानात हवीच होती. गजऱ्याला मोगरा मिळेना; मिळाला तो महाग आणि कळ्या किडमिड्या. आम्ही शेवंती आणि अबोली लावली. पिवळ्या शालूवर ती मला तरी जास्त शोभली.

थंडीची म्हणून जी काय गंमत आहे ती हळदीच्या सकाळी कळली. वाटीतलं खोबरेल थिजून पांढरं झालेलं. त्यात हळद कालवायची तर गोळे होत होते. काकूने वाटी सरळ समईच्या ज्योतीवर धरली. कार्यालयातला गीझर वरपक्षाच्या खोल्यांकडे, आमच्या बाजूला नळाचं गार पाणी. आचाऱ्याने भट्टीवरचं कांदे-बटाट्याचं पातेलं खाली उतरवून पाण्याचं मोठं पातेलं चढवलं, म्हणून नवरीची आंघोळ झाली. अंगावर तांब्या पडला की तिच्या खांद्यांवरून वाफ निघायची आणि बायका ओव्यांच्या मध्येच हसत सुटायच्या.

आदल्या रात्री सीमांतपूजनाला वरपक्ष मुक्कामी आलेला. रात्री पारा १४-१५ वर उतरतो. अकलूजकरांना त्याचं काही नाही, पण मुंबईचे पाहुणे फुलपँट घालून झोपायला निघाले. कार्यालयाची ब्लँकेटं पातळ, त्यात अपुरी. अप्पांनी आहेरासाठी आणलेल्या सोलापुरी चादरींचा गठ्ठाच सोडला. "तसंही तुम्हालाच द्यायच्या होत्या," म्हणाले. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सकाळी प्रत्येकाने आपापली चादर घडी करून पिशवीत ठेवली, आणि आहेराच्या वेळी अप्पा नुसते टॉवेल-टोपी घेऊन फिरले.

अक्षता वेळेवर पडल्या. पण त्याच आठवड्यात व्याह्यांच्या रानात तोडणीची टोळी उतरलेली. सूनमुख बघून झालं तसे ते फेट्यासकट मंडपाच्या कोपऱ्यात गेले आणि उसाच्या चिठ्ठ्या फाडणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला फोन लावून ओरडले, "तिसरी ट्रॉली भरली का नाही?"