पक्षी पाहायला निघता, मग बंदरावर का थांबता?

बाणकोट ते हर्णै या पट्ट्यातून मी दर हिवाळ्यात गाडीने फिरतो, आणि परतल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: पक्षी आणि कासवे पाहायला जाता, मग निम्मा वेळ मासळीच्या लिलावात कशाला घालवता? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

बागमांडल्याला गाडीसकट जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीवर, चढून सावित्रीची खाडी ओलांडली की वेसवी लागते आणि पुढे वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै अशी गावे येतात. अंतर थोडे आहे. मला त्याला तीन दिवस लागतात, आणि त्यांतला एक पुरता हर्णैचा असतो. सुवर्णदुर्गासमोर नौका नांगर टाकू लागल्या की पक्ष्यांच्या मागे धावावे लागत नाही. एखाद्या नौकेमागे कुरवांचा, म्हणजे सीगल पक्ष्यांचा, थवा घोंगावत असेल, तर खलाशी जाळ्यातली मासळी निवडत असून नको असलेली पाण्यात फेकत आहेत, हे काठावरूनच कळते. ब्राह्मणी घारी पाण्याला पाय लावून मासा उचलतात आणि उडता उडताच खातात. किनाऱ्यावर मात्र बगळे आणि कावळे पाट्यांभोवती टपलेले असतात, आणि लिलाव पुकारणाऱ्या मावशींचे एका डोळ्याने त्यांच्याकडेही लक्ष असते. या कुरवांतील तपकिरी डोक्याचे कुरव मध्य आशियातील उंच सरोवरांकाठी वीण उरकून येतात, परंतु हिवाळ्यात त्यांचे डोके पांढरेच असते, डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका. नावावर विसंबून शोधणारा हमखास फसतो, मीही पहिली दोन वर्षे फसलो.

कासवांचे तर याहून पुढचे आहे. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात आणि पिल्ले बाहेर पडायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. पण किनाऱ्यावर येते ती फक्त मादी, तीही अंडी घालण्यापुरती. उरलेले आयुष्य ज्या पाण्यात जाते, तिथे मासेमारीची जाळी असतात, आणि हवेत श्वास घेणारे कासव जाळ्यात फार वेळ अडकले तर गुदमरून मरते. म्हणूनच जाळे कापून संरक्षित प्राण्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य शासन २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. ही रक्कम पुरेशी आहे का, हा वाद बंदरावर बसूनच ऐकावा.

गेल्या खेपेस हर्णैला जाळे विणत बसलेल्या एका खलाशाला मी कासवांबद्दल विचारले. त्याने मांडीवरचे जाळे थोडे ओढून वेगळ्या रंगाच्या सुताने सांधलेला हातभर तुकडा दाखवला. “इथून गेलं,” एवढेच म्हणून तो पुढची गाठ मारू लागला.