प्राणवायू कोठून येतो?

नववीत न्यूटनचा गतिविषयक तिसरा नियम शिकवून झाल्यावर आमच्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर दोन क्षेपणास्त्रे काढली, एक जेट इंजिनाचे आणि एक रॉकेटचे, आणि विचारले, ‘‘यांच्या इंधनाला जळायला लागणारा प्राणवायू कोठून येतो?’’ शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांच्या या प्रश्नाविषयीच लिहावे असे वाटले, कारण पुढे अभियांत्रिकी शिकताना आणि शिकवतानाही मी नेहमी तेथूनच सुरुवात केली.

रेटा निर्माण होण्याचे तत्त्व जेट इंजिन आणि रॉकेट या दोहोंत एकच आहे: तप्त वायू मागे वेगाने फेकले जातात आणि त्यांच्या संवेगामुळे क्षेपणास्त्र पुढे ढकलले जाते. त्यासाठी बाहेरच्या हवेचा आधार लागत नाही. तो लागतोच, असे समजून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 1920 साली अग्रलेखात अमेरिकी रॉकेट-संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांची थट्टा केली होती, दुरुस्ती छापली ती 1969 साली, अपोलो 11 चंद्राच्या वाटेवर असताना! सर हा किस्सा रंगवून सांगत.

जेट इंजिन प्राणवायू वातावरणातून घेते. संपीडक हवा दाबतो, तीत इंधन जळते, तप्त वायू टर्बाइन फिरवतात, टर्बाइन संपीडकाला फिरवते आणि उरलेल्या ऊर्जेने वायू मागे झेपावतात. प्राणवायूचे ओझे वाहायचे नसल्याने टॉमहॉकसारखे क्रूझ क्षेपणास्त्र छोट्या टर्बोफॅनवर (पुढे पंखा असलेल्या जेट इंजिनावर) हजारांहून अधिक किलोमीटर जाते. मात्र त्याला हवेतच राहावे लागते आणि त्याचा वेग ध्वनीहून कमी असतो. रॅमजेटमध्ये संपीडकच नसतो, समोरून येणारी हवा वेगामुळेच दाबली जाते. म्हणून ब्रह्मोसला आधी घनइंधनाचे रॉकेट स्वनातीत, म्हणजे ध्वनीहून अधिक, वेग देते आणि मग रॅमजेट काम हाती घेते. जेटलाही आरंभी रॉकेटचा हात धरावा लागतो, याची मला आजही गंमत वाटते.

रॉकेट प्राणवायूचा साठा स्वतःबरोबर नेते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन व्ही-2 मध्ये पाणी मिसळलेले अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजन होते. उड्डाणाच्या वेळच्या वजनात निम्म्याहून अधिक भार त्यांचाच असे. इंजिन सुमारे एक मिनिट चालून बंद पडे आणि उरलेला प्रवास फेकलेल्या दगडाप्रमाणे, केवळ मिळालेल्या वेगावर होई. ज्वलनकक्षापुढचे नोझल आधी अरुंद आणि मग रुंद होते: अरुंद गळ्याशी वायू ध्वनीचा वेग गाठतात आणि रुंद भागात, आपल्या सहज अंदाजाच्या अगदी उलट, आणखी वेगवान होतात.

घनइंधनात प्राणवायू पुरवणारे अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि रबरासारखा बंधक एकत्र घट्ट केलेले असतात. त्यातील पोकळीला अनेकदा ताऱ्याचा आकार देतात, कारण जळणारा पृष्ठभाग साधारण सारखा राहिला तर रेटाही सारखा राहतो. एकदा पेटलेले हे मिश्रण सहजी विझवता येत नाही. पण उड्डाणापूर्वी इंधन भरण्याचा खटाटोप नसल्याने असे क्षेपणास्त्र वर्षानुवर्षे सज्ज ठेवता येते आणि लष्करी उपयोगात घनइंधनाला पसंती मिळते ती प्रामुख्याने यामुळेच.