गार फरशी आणि चार कूलर

जून अर्धा सरला होता. दुपारी नागपुरात पहिली दमदार सर कोसळली आणि थोड्याच वेळात सभागृहाच्या केअरटेकरचा फोन आला, "साहेब, पाइप फुटला वाटते. साऱ्या फरशीवर पाणी येऊन राहिलं."

हॉल गार करायला फरशीत गार पाण्याचे पाइप पुरणाऱ्याचं हे ऐकून काय होतं, ते सांगायला नको. तिथल्या ग्रॅनाइटखाली आमचा काही किलोमीटर पेक्स, म्हणजे चिवट प्लास्टिकचा पाइप आहे. २० मिमीचा, १५० मिमीच्या अंतरावर, जाळीला बांधलेला. एकेक लूप, म्हणजे पाइपाचा एकेक फेरा, शंभर मीटरच्या आत आणि अख्खा एकाच तुकड्याचा. जमिनीत एकही जोड नाही, सगळे जोड मॅनिफोल्डच्या पेटीत, जिथे सगळ्या लूपची तोंडं एकत्र येतात. काँक्रीट ओतताना पाइपात ६ बार दाब भरून ठेवला होता, म्हणजे कुणाचं फावडं लागलं तर दाबाचा काटा तिथल्या तिथे पडावा. एप्रिलच्या उन्हात ओतलेलं काँक्रीट भेगाळतं, म्हणून ओतायचं काम रात्री. आणि ओतण्याआधी प्रत्येक चौकोनाचा मोजायचा टेप ठेवून फोटो. माझी माणसं वैतागली होती, पण मी ऐकलं नाही.

यंत्रणा साधी आहे. नेहमीच्या सेंट्रल एसीत पाणी ७ अंशांपर्यंत गार करावं लागतं, इथे १६-१७ पुरतं. पाणी गार करणाऱ्या मशीनची, म्हणजे चिलरची उष्णता मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या हवेत न सोडता बोअरमधून खडकात सोडतो, कारण खाली वर्षभर सत्तावीसच्या आसपास असतं. मशीनला वीज कमी लागते आणि दिवसाचा बराच भार गच्चीवरचे सोलर पॅनल उचलतात. डिसेंबरात मशीन उलटी चालवली की त्याच पाइपांतून कोमट पाणी. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर २००६ पासून फरशी अशीच गार करतात, आणि तिथली हवा आपल्यापेक्षा कितीतरी दमट. हैदराबादला इन्फोसिसने तर एकाच इमारतीच्या अर्ध्या भागात पाइप आणि अर्ध्यात नेहमीचा एसी लावून मोजून पाहिलं. पाइपवाल्या भागाला वीज सुमारे एकतृतीयांश कमी लागली. सभागृहाच्या समितीला मी हेच दाखवून पटवलं होतं.

फक्त एक सांभाळावं लागतं. फरशी हवेच्या दवबिंदूपेक्षा गार होता कामा नये. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं ते; फरशी त्याखाली गेली की तिच्यावर थेंब धरतात. मे महिन्यात त्याची चिंता नसते. ४४ अंश आणि १२ टक्के आर्द्रता असली की दवबिंदू आठ-नऊवर असतो. पाऊस पडला की तोच चोवीसवर जातो.

पोचलो तेव्हा हॉल स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शनाला आलेल्या पोरांनी भरलेला. एक मुलगी घसरून पडली होती, नशिबाने लागलं नव्हतं. अधिकारी फोनवर ब्रेकर मागवत होते. "फोडून बघू, नाहीतर सगळंच खराब होईल," म्हणाले. मी आधी मॅनिफोल्डकडे गेलो. काटा २ बारवर होता, सकाळच्या नोंदवहीतही २ बारच, म्हणजे पाइप गळत नव्हता. अधिकाऱ्यांना काटा दाखवला. "काट्याचं काय खरं?" हे त्यांचं उत्तर. सरकारी इमारतीत मीटरवर कुणाचाच विश्वास नसतो, हे मी आता गृहीतच धरतो.

मग फरशीचा एक तुकडा कोरडा पुसला, त्यावर प्लास्टिकचा चौकोन ठेवला आणि चारही बाजूंनी चिकटटेप लावली. खालून गळत असेल तर प्लास्टिकच्या आतून ओल येईल, हवेतून येत असेल तर वरून. अर्ध्या तासाने त्या चौकोनावर मोहरीएवढे थेंब उभे होते. टेप सोडून पाहिलं तर खालचा ग्रॅनाइट कोरडा ठणठणीत. अधिकाऱ्यांनी स्वतः बोट फिरवून पाहिलं आणि ब्रेकरवाल्याला परत फोन लावला.

पण पाणी सगळीकडे सारखं नव्हतं. स्टेजकडची फरशी जवळजवळ सुकी, आणि भिंतीकडून पंख्यासारखे पसरलेले चार ओले पट्टे. प्रत्येक पट्ट्याच्या मुळाशी एक कूलर. ताट्या ओल्यागच्च, पंप सुरू. आणि दारं सताड उघडी, कारण कूलर लावला की खिडक्या-दारं उघडायची, हे नागपुरातलं शेंबडं पोरही जाणतं.

मी केअरटेकरला विचारलं, "काका, हे कशाला आणलं?"

"लोकं म्हणते एसी बंद आहे. हवाच लागत नाही तं एसी कायचा? शिव्या मीच खातो ना साहेब."

काकांवर मला रागावता आलं नाही. बाहेरची हवा आत येऊ न देणारा दारावरचा एअर कर्टन निविदेत होता, तो 'व्हॅल्यू इंजिनिअरिंग'च्या नावाखाली कुणीतरी कापला. दवबिंदूचा सेन्सर दाराजवळ मागितला होता. कंट्रोलवाल्याने तो हॉलमधली हवा परत नेणाऱ्या वरच्या रिटर्न डक्टमध्ये बसवला, कारण तिथे वायर जवळ पडत होती. खाली पाणी साचत होतं आणि स्क्रीनवर सगळं हिरवं. छताला पंखे लावा असं मी पहिल्या बैठकीपासून सांगत होतो. आर्किटेक्ट म्हणाले, छताचं सौंदर्य जाईल.

पाण्याचं तापमान हाताने बाविसावर नेलं, दारं लावून घेतली. कूलर बंद करणार तोच काकांचं तोंड पडलं. मग सुचलं. पंपाच्या वायरी काढल्या, ओल्या ताट्या व्हरांड्यात नेऊन टाकल्या आणि नुसते पंखे चालवले. हॉल अठ्ठावीसवर होता, पण एकाही पोराने तक्रार केली नाही. "आता एसी सुरू झाला," काका म्हणाले.

सेन्सर नंतर खाली आला. कूलर मात्र अजून तिथेच, ताट्यांविना फिरताहेत. मी छताच्या पंख्यांचा प्रस्ताव दिला होता. तो गेल्या आठवड्यात शेरा मारून परत आला : 'वातानुकूलित इमारतीत पंख्यांची आवश्यकता काय, याबाबत खुलासा सादर करावा.' खुलासा लिहायला घेतला आहे. पहिल्या परिच्छेदात दवबिंदू समजावला, तो वाचून आमचाच क्लार्क म्हणाला, "साहेब, हे काढा, नाहीतर पुन्हा शंका काढतील."